केक सगळ्यांना आवडतो, ऑर्डर कुणीच देत नाही

प्रश्न : ताई, नमस्कार. मी कराडजवळ मलकापूरला राहते. मुलगी दुसरीत आहे, मिस्टर साखर कारखान्यात नोकरीला आहेत. लॉकडाउनमध्ये कुकरमध्ये केक करता करता आवड लागली. मग कोल्हापूरला क्लास करून क्रीमचं काम, फुलं आणि थोडं फॉन्डंट (साखरेच्या लगद्याचं काम) शिकले. आता घरातल्या प्रत्येक वाढदिवसाला केक माझाच असतो. सासरचे, माहेरचे, शेजारचे, सगळे ‘बेकरीपेक्षा भारी’ म्हणतात. इन्स्टाग्रामवर पेज काढलंय, लाइक येतात, पण बाहेरची ऑर्डर एकही नाही. नणंद मात्र अधूनमधून हक्कानं केक सांगते आणि पैशांचा विषयच निघत नाही. सामानाचा खर्च घरखर्चातून जातो. मिस्टर म्हणतात, ‘छंद म्हणून ठीक आहे.’ मला पहिलं गिऱ्हाईक कुठून आणायचं तेच कळत नाही. — एक वाचक, कराड

उत्तर : कराड माझं आजोळ. तुमचं पत्र वाचताना विद्यानगर, मलकापूर, शनिवार पेठ असं सगळं डोळ्यांपुढं येत होतं, म्हणून उत्तरही त्याच गावाच्या हिशेबानं देते.

आधी इन्स्टाग्रामचं बघू. तुमच्या पेजवर लाइक कोण करतं ते एकदा उघडून बघा. बऱ्याचशा तुमच्यासारख्याच केक करणाऱ्या निघतील, कुणी नागपूरची, कुणी इंदूरची, कुणी सुरतेची. त्यांच्यातली एकही मलकापूरला येऊन केक नेणार नाही. पेज बंद करू नका, कुणी ‘फोटो दाखवा’ म्हणालं की दाखवायला ते बरं पडतं. पण गिऱ्हाईक तिथून येईल म्हणून रोज रील करत बसू नका. तेवढ्या वेळात नोझलवर हात बसेल.

घरगुती केकचं पहिलं गिऱ्हाईक दुसऱ्याच्या वाढदिवसाला हातात कागदी डिश घेऊन उभं असतं. तुमचा केक आजवर कुणी खाल्ला? सासर, माहेर, शेजार. दर वेळी तीच माणसं, आणि त्यांना तो फुकट मिळतो. ती ऑर्डर कशाला देतील? तेव्हा केक कापला जातो ते घर बदला. ज्यांच्या घरी येत्या वर्षभरात वाढदिवस आहेत अशी अनोळखी वीस-पंचवीस माणसं एका वेळी तुमचा केक खातील, अशी जागा शोधायची आहे.

ती जागा तुमच्या दारातच आहे. मुलगी दुसरीत आहे ना? या वयाच्या मुलांच्या वाढदिवसाला आया पोरांना सोडून परत जात नाहीत, थांबतात. पाचवी-सहावीत गेली की पोरं एकटी येतात आणि आया रिक्षावाल्या काकांना फोन करून मोकळ्या होतात. म्हणजे तुमच्या हातात आणखी दोन-तीन वर्षं आहेत. शाळेच्या फाटकाशी उभ्या राहणाऱ्या आयांमध्ये एखादी असतेच, जिच्या घरी वाढदिवसाला निम्मा वर्ग जातो. तिच्याशी बोला. ‘केक मी करते, मला द्या ना ऑर्डर’ असं अजीजीनं बोलू नका. सरळ सांगा की एक किलोच्या केकला माझा दर इतका आहे, या वेळी फक्त सामानाचे पैसे घेते, मात्र आलेल्यांना केक कुणाचा ते तुम्ही सांगायचं. पूर्ण दर आधी सांगितल्याशिवाय सवलत देऊ नका, नाहीतर सवलतीचा आकडाच तुमचा दर होऊन बसतो. आणि संपूर्ण फुकट तर अजिबात नको. फुकट आलेल्या केकचं लोक कौतुक करतात, किंमत करत नाहीत. ही सवलत दोन-तीन घरांपुरती ठेवा आणि बंद करा.

आता प्रत्यक्ष काय घडतं ते सांगते, कारण सगळी मेहनत इथंच वाया जाते. केक कापला, डिशा फिरल्या. एक बाई दुसरा घास घेता घेता विचारते, ‘काय गं, कुठला हा?’ जिचं घर ती एका हातानं वेफर्स वाढतेय, दुसऱ्या हातानं फुग्यांवर भांडणारी पोरं सोडवतेय. ती म्हणते, ‘अगं, आमच्या शाळेतल्या एकीनं केलाय.’ संपलं! तुमचं नाव तिथंच गळलं. खोक्यावर नंबर छापलाय म्हणाल, तर खोकं केव्हाच स्वयंपाकघरात गेलंय आणि थोड्या वेळानं त्यात उष्ट्या डिशा भरल्या जाणार आहेत.

म्हणून नाव खोक्यावर नको, बोर्डावर, म्हणजे केकखालच्या पुठ्ठ्यावर हवं. सात इंची केकला दहा इंची बोर्ड घ्या, कडेनं दीड इंच जागा उरते. समोरच्या बाजूला, जिथं फोटोत दिसेल तिथं, छोटं गोल स्टिकर लावा. नाव, ‘घरगुती, अंड्याशिवाय’ आणि मोबाइल नंबर, बास. केकचा फोटो पंधरा जण काढतात, त्यातल्या पाचांच्या स्टेटसवर तुमचा नंबर आपसूक जातो. काहींना बोर्डावर स्टिकर आवडत नाही, त्यांना आधी विचारा. नको म्हणाले तर प्लॅस्टिकच्या सुरीला रिबिनीनं कार्ड बांधा. सुरी तरी हातात घ्यावीच लागते.

दुसरं, पहिले काही केक स्वतः पोचवा. कापायच्या अर्धा तास आधी जा, केक टेबलावर ठेवा, बोर्डाची कड ओल्या फडक्यानं पुसा, मेणबत्ती कुठं खोचायची ते सांगा आणि निघा. थांबून खाऊ नका, पाहुण्या होऊ नका. केकवाली म्हणून चार जणींनी तुम्हाला बघितलं पाहिजे, एवढंच त्यातलं काम.

कराडमध्ये आणखी एक गिऱ्हाईक आहे. बेकऱ्या त्याला केक विकतात, पण त्याच्याकडं नीट बघत नाहीत, असं मला वाटतं. विद्यानगरला 1960 सालापासून सरकारी इंजिनिअरिंग कॉलेज आहे, तुमच्या मलकापूरला मेडिकलची मुलं आहेत. होस्टेलवर नाहीतर खोल्या करून राहणारी ही मुलं रात्री बाराला वाढदिवस करतात. त्यांना किलोचा केक नको असतो. त्यांना बेंटो हवा असतो, म्हणजे चौकोनी डब्यातला पाव किलोच्या आसपासचा छोटा केक, वर एखादी ओळ, तीही बहुतेक टोमणा मारणारी. ‘केटी लागली (म्हणजे विषय राहिला) तरी वाढदिवस आहेच’ अशा ओळी लिहायची तयारी ठेवा. एका मुलाला केक आवडला की वर्गाच्या ग्रुपवर तुमचा नंबर जातो आणि मग वर्षभर जात राहतो. नियम मात्र पक्का हवा. केक रात्री आठपर्यंत घेऊन जायचा, पैसे आधी यूपीआयनं. बाराला दार वाजवलेलं चालणार नाही. घरात लहान मूल आहे, हे पोरांना एकदा सांगितलं की ती ऐकतात.

आता माझ्या आवडीचा विषय. तुम्हाला देवनागरी अक्षर क्रीममध्ये काढता येतं का? पत्रातलं तुमचं अक्षर सुरेख आहे म्हणून विचारते. बहुतेक ठिकाणी ‘हॅपी बर्थडे’ इंग्रजीत गिरवून देतात. मराठीत लिहा म्हटलं की मात्रा एकीकडं, काना दुसरीकडं. आणि इथंच आजी-आजोबांचे समारंभ तुमच्या हाती येऊ शकतात. साठी, पंचाहत्तरी, सहस्रचंद्रदर्शन, लग्नाची पन्नास वर्षं. आजकाल तिथं औक्षणानंतर केक असतोच, नातवंडांचा हट्ट असतो. त्या केकवर ‘आजी, 75’ असं गोल वळणाच्या अक्षरात लिहिलेलं असलं की घरातली मोठी माणसं चष्मा सारखा करून बघतात.

सराव असा करा. बटर पेपरचा कोन करून त्यात पातळसर गनाश (चॉकलेट आणि क्रीमचं मिश्रण) किंवा पायपिंग जेल भरा, टोकाला अगदी बारीक छेद द्या. स्टीलच्या ताटलीवर लिहा, पुसा, पुन्हा लिहा. आधी अक्षरांच्या उभ्या काठ्या समान अंतरावर पाडायच्या, मग गोलाई, मग काना-मात्रा, आणि शिरोरेषा सगळ्यांत शेवटी एका दमात ओढायची. रेघ आधी मारली की अक्षरं तिला लोंबकळल्यासारखी दिसतात. नाव नेहमी व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून मागवा, फोनवर ऐकून लिहू नका. श्रिया, श्रेया आणि श्रीया या तीन वेगळ्या मुली आहेत आणि तिघींच्याही आया शुद्धलेखनाच्या बाबतीत कडक असतात!

अशा घरांसाठी एक-दोन गोष्टी लक्षात ठेवा. केकवर ॐ, स्वस्तिक किंवा देवाचं चित्र कुणी मागितलं तर ‘त्यावर सुरी चालवायची आहे’ एवढं हळूच आठवण करून द्या, बहुतेक जण लगेच बेत बदलतात. आजोबांचा फोटो छापून हवा असेल तर तो वेगळ्या छोट्या पाटीवर छापून वर उभा लावा, म्हणजे चेहरा कापायची वेळ येत नाही. काही घरांत मेणबत्ती फुंकून विझवणं चालत नाही. विचारून घ्या आणि मेणबत्त्या नुसत्या सोबत द्या. गोड बेतानं ठेवा आणि स्पंज चांगला मऊ राहील असा भिजवा, कवळी असलेल्या माणसालाही खाता आला पाहिजे.

अंड्याचं म्हणाल तर सुरुवातीला स्वयंपाकघर पूर्ण बिनअंड्याचं ठेवा असंच मी सांगेन. आपल्या भागात पहिला प्रश्न तोच येतो, श्रावणात आणि मार्गशीर्षात तर हमखास. ‘भांडी वेगळी आहेत हो’ असं पटवत बसण्यापेक्षा ‘आमच्याकडं अंडं आणतच नाही’ हे एका वाक्यात संपतं.

दराचं. कराडमधल्या दोन-तीन बेकऱ्यांत जाऊन अर्ध्या किलोचा भाव विचारून या, एखादा केक विकत आणून खा. तुमचा दर त्यांच्याहून थोडा वरच ठेवा. खाली ठेवलात तर तुम्ही त्यांची स्वस्त आवृत्ती ठरता, आणि पुढं दर वाढवताना प्रत्येक गिऱ्हाइकाशी वाद होतो. हिशेब मांडताना नुसतं मैदा, कोको, साखर धरू नका. अर्ध्या किलोच्या केकमध्ये साधारण अडीचशे ग्रॅम स्पंज, दोनशेच्या आसपास क्रीम, उरलेलं साखरेचं पाणी आणि आतलं भरण. ते सोडून बोर्ड, खोकं, टॉपर, मेणबत्ती, सुरी या किरकोळ वाटणाऱ्या वस्तूंची बेरीज करून बघा, चकित व्हाल. ओव्हनची वीज फार नसते, छोट्या ओटीजीत एक केक दीड युनिटच्या आत होतो. खरा खर्च तुमच्या तासांचा. क्रीमची सहा गुलाबं आणि फॉन्डंटचं युनिकॉर्न यांना एकच दर लावू नका. युनिकॉर्नला दुपार जाते.

अर्धे पैसे आगाऊ, तेही दोन दिवस आधी. आगाऊ न देणाऱ्याची ऑर्डर वहीत लिहायची नाही.

आता नणंदबाई. नात्यात पैसे मागायला जीभ रेटत नाही हे खरंय. म्हणून मागूच नका, दरपत्रक पाठवा. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसवर कॅटलॉग करा, फोटोखाली दर टाका आणि ‘आता व्यवसाय सुरू केलाय, तुमच्या ओळखीत सांगा’ असा एकच मेसेज सगळ्या नातेवाइकांना पाठवा, नणंदेसकट. पुढच्या वेळी तिचा फोन आला की ‘ताई, कॅटलॉगमधला कुठला करू?’ असं विचारायचं. बहुतेक वेळा एवढ्यानं भागतं. तरी नाहीच भागलं, तर वर्षातून एक केक, तिच्या मुलाच्या वाढदिवसाचा, आत्याच्या मानाचा म्हणून तुमच्याकडून आणि बाकीचे दरानं. हे मिस्टरांना तिला सांगू द्या. बहीण त्यांची आहे.

गिऱ्हाईक आणून देणारी आणखी एक माणसं म्हणजे फुग्यांचं डेकोरेशन करणारे. वाढदिवस ठरला की त्यांना फोन जातो तेव्हा केकचं अजून ठरायचं असतं. गावातल्या दोघा-तिघांना एकेक छोटा केक घरी नेऊन द्या आणि कार्डं ठेवा. टक्केवारी मागतील, पहिल्या काही ऑर्डरींना देऊन बघा. पेपरात पत्रकं टाकणं, चौकात फ्लेक्स लावणं यावर मात्र एक रुपया घालू नका.

आणि हो, नोंदणी. घरून खाद्यपदार्थ विकायला एफएसएसएआयची, म्हणजे अन्नसुरक्षेच्या सरकारी प्राधिकरणाची नोंदणी लागते. लहान व्यवसायाला मोठा परवाना लागत नाही, साधी नोंदणी पुरते. फॉस्कॉस या सरकारी पोर्टलवर अर्ज भरायचा, फोटो, ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा जोडायचा, शुल्क वर्षाला 100 रुपये. चौदा आकडी नंबर येतो, तो स्टिकरवर टाका. एजंट याच कामाचे भलते पैसे सांगतात, त्यांच्याकडं जायची गरज नाही, मिस्टर रविवारी बसून भरू शकतील. त्यानिमित्तानं त्यांचं ‘छंद म्हणून ठीक’ही जरा मागं पडेल.

प्रश्न : मी नागपूरला असते. ओळखीतून पहिली ऑर्डर मिळाली, पण ती मे महिन्यातली आहे, संध्याकाळी सातला, गच्चीवर. दोन किलोचा दोन मजली केक हवाय. क्रीम टिकेल का? घरी फ्रेश क्रीम फेटून बघितलं तर ते घट्टच होत नाही. — एक वाचक, नागपूर

उत्तर : टेट्रापॅकमधलं फ्रेश क्रीम बहुधा 25 टक्के फॅटचं असतं. ते कितीही फेटलं तरी उभं राहत नाही, भाजीतच बरं. उन्हाळ्यात केकवाल्या वापरतात ते नॉनडेअरी व्हिपिंग क्रीम. ते गोठलेलं मिळतं, फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवून सुटू द्यायचं, बाहेर ओट्यावर नाही. भांडं आणि बीटरचे दांडे तासभर फ्रीझरमध्ये ठेवा आणि स्वयंपाकघर थंड असताना, म्हणजे पहाटे, फेटा.

पण तुमच्या नागपुरात मे महिन्यात सातलाही गच्चीची फरशी भाजत असते. तिथं कुठलंच क्रीम फार वेळ तग धरणार नाही. यजमानांना आत्ताच सांगा की केक खाली खोलीत फ्रिजमध्ये किंवा एसीत राहील आणि कापायच्या वेळीच वर येईल. गच्चीवर फोटोंसाठी तासभर मांडून ठेवणार असतील तर दोन मजली क्रीमचा केक घेऊ नका, गनाशचा एक मजली सुचवा. फॉन्डंटही सुचवू नका, फ्रिजमधून बाहेर काढला की त्याला घाम सुटतो आणि रंग ओघळतात. पहिलीच ऑर्डर आहे म्हणून म्हणतील त्याला हो म्हणू नका.

नेताना दोन मजले वेगवेगळ्या खोक्यांत न्या आणि तिथं जाऊन रचा. गाडीत केक सीटवर ठेवायचा नाही, सीटला उतार असतो. पायाशी सपाट जागेवर, खाली रबराची जाळी अंथरून ठेवा. एसी निघण्याआधी दहा मिनिटं चालू हवा.

प्रश्न : डोहाळजेवणाच्या केकची ऑर्डर मिळाली आहे. त्यांना खरी फुलं आणि सोनेरी चमक हवी आहे, आणि वर ‘पेढा की बर्फी’ असं लिहायचंय. काय जपू? — एक वाचक, ठाणे

उत्तर : ‘पेढा की बर्फी’ खुशाल लिहा, होणारी आई झाकलेली वाटी उघडते आणि पाहुण्या अंदाज बांधतात तेवढीच ती गंमत. एखाद्या परदेशी राहणाऱ्या नातेवाइकानं ‘तपासणीत कळलंय, आतला स्पंज त्या रंगाचा करा’ असं सुचवलं तर मात्र नाही म्हणा. आपल्याकडं गर्भलिंग तपासणं आणि सांगणं दोन्ही गुन्हा आहे, आणि तो केक तुमच्या हातचा असेल.

फुलांचं जरा जपूनच. फुलबाजारातली फुलं फवारणीची असतात, खाण्यासाठी वाढवलेली नसतात. खाणारी गरोदर बाई आहे. जिप्सोफिला केकवर छान दिसतो, पण ते खायचं फूल नाही. कण्हेर तर विषारीच, ती जवळपासही नको. डेकोरेशन टेबलावर फुलांचं करायला सांगा आणि केकवर क्रीमचीच फुलं काढा. खरी हवीतच म्हणाले तर देठाला फ्लोरल टेप गुंडाळून स्ट्रॉमध्ये खोचा, देठाचा स्पर्श केकला नको, आणि कापण्याआधी सगळी काढून घ्यायला सांगा.

चमकेची डबी घेताना ‘नॉनटॉक्सिक’ एवढंच छापलेलं असेल तर ती कागदकामाची समजा. डबीवर खाण्यायोग्य असं स्पष्ट हवं, घटकांची यादी आणि एफएसएसएआय नंबर हवा. तशी मिळाली नाही तर चांगल्या मिठाईवाल्याकडून वरख आणा, सोनेरी नसला तरी हिरव्या साडीशेजारी चांदीही शोभते. केक किती वाजता कापणार ते आधी विचारा. ओटी भरणं, फुलांचे दागिने, झोपाळ्यावरचे फोटो यात दोन तास सहज जातात, तेव्हा बोलावलेल्या वेळेला नाही, कापायच्या वेळेला पोचा.